गिटारीतली सळई

आमच्या घरातल्या जुन्या गिटारीच्या पोटात आठ एमएमची लोखंडी सळई होती आणि ती मीच घातली होती, हे आधीच कबूल करून टाकतो. मी नाही सांगितलं तर बायको सांगेल. लग्न झाल्यापासून घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती हे सांगत आली आहे. पाहुणा खुर्चीत टेकतो न टेकतो तोच माझ्याकडे बोट दाखवून म्हणते, "यांनी गिटारीला कॉलम टाकलाय."

जालन्याच्या माणसाला यात फार विचित्र वाटू नये. आमचं गाव सळयांचं. एमआयडीसीच्या रस्त्याला लागलं की ट्रकमागून ट्रक, आणि ट्रकांच्या शेपटीतून डोकावणाऱ्या सळया, टोकाला लाल फडकं बांधलेल्या. इथे काही खचलं, लवलं, फुगलं की हात आपोआप लोखंडाकडे जातो. ओटा खचला, टाका सळई. मांडव डुलतोय, ठोका सळई. आमच्या शेजाऱ्यांनी टोमॅटोच्या रोपाला काठीऐवजी सळई दिली होती. रोप कधीच वाळून गेलं, आधार अजून उभा आहे. मी तर रोलिंग मिलमध्ये मेंटेनन्सचा फिटर. माझ्या हातून दुसरं काय होणार होतं?

गिटार मुळात माझी नव्हे. माझ्या आत्याची. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, आता ब्याऐंशीची. जन्मभर नर्स होती, लग्न केलं नाही, आणि अर्धं जालना तिला 'सिस्टर' म्हणतं. उरलेलं अर्धं तिच्या हातून जन्मलंय, त्यामुळे ते तिला घाबरतं. आजोबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. तिथल्या एका विलायती मडमबाईंची ही गिटार. मडमबाई कायमच्या मायदेशी निघाल्या तेव्हा आत्या नऊ-दहा वर्षांची होती. त्यांनी सामान बांधलं, आणि गिटार तेवढी आत्याच्या मांडीवर ठेवली. वाजवायला शिकवून आधीच झालं होतं.

आजच्या गिटारींपुढे ती लहानखुरी दिसायची. कंबर बारीक, पोट उथळ. समोरची पाटी इतकी पातळ की आत बॅटरी धरली तर लाकूड लालसर उजळायचं आणि आतल्या आडव्या पट्ट्या बरगड्यांसारख्या दिसायच्या. तारा आधी तातीच्या, म्हणजे आतड्याच्या होत्या, पुढे तात मिळेनाशी झाल्यावर नायलॉनच्या आल्या. आत्या बोटांच्या पेरांनी वाजवायची. आवाज मोठा नव्हता. पण दर रविवारी चर्चमध्ये भक्तीच्या वेळी तो शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. वरचे सूर मुरमुऱ्यांसारखे हलके, आणि खाली एक घुमारा, रिकाम्या रांजणात तोंड घालून हाक मारल्यासारखा. लहानपणी मी तिच्या पायाशी बसायचो आणि तो घुमारा मला फरशीतून कळायचा. हे मी नंतर विसरलो. सोयीस्कर गोष्टी माणूस लवकर विसरतो.

बाविसाव्या वर्षी आम्ही चर्चच्या तरुणांनी गायकवृंद काढला. कुणी कीबोर्ड आणला, कुणी ड्रम. त्यांच्यापुढे गिटार ऐकू येईना. ऑर्केस्ट्रावाले लोखंडी तारा लावतात हे मी पाहिलेलं होतं. संभाजीनगरहून, तेव्हाच्या औरंगाबादहून, मी तसल्या तारा आणल्या आणि ताणून चढवल्या. आठ दिवस मी मंडळीतला सगळ्यात शहाणा माणूस होतो. गिटार अशी खणखणली की ड्रमवाला माझ्याकडे वळून पाहायचा. नवव्या दिवशी तिचं पोट तव्यावरच्या भाकरीसारखं टम्म फुगलं, आणि तारा जिला अडकवतात ती घोडी नखासारखी उचकटून आली.

आत्या तेव्हा महिनाभर टेंभुर्णीला लसीकरणाच्या कामावर गेली होती. ती यायच्या आत गिटार नीट करायची, अशी माझी सद्भावना होती. जगातली बरीचशी मोडतोड सद्भावनेनेच होते, आणि माझ्या सद्भावनेला तर मिलचं वर्कशॉप उपलब्ध होतं.

मी घोडीला दोन नटबोल्ट मारले, वॉशर लावून. फुगलेल्या पाटीखाली सागवानाची फळी चिकटवली, आमच्या पलंगाला असते तेवढ्या जाडीची. मग मिलमधली भंगारातली सळई घेतली, दोन तुकडे केले, टोकांना आटे पाडले, आणि मधे कपलिंग घालून ती गिटारीच्या मानेपासून बुडापर्यंत आतून तटवली. कपलिंग फिरवलं की सळई लांब होई आणि गिटार आतून ताठ. हे करताना हात आत जाईना, म्हणून तारांखालचं गोल भोक हॅक्सॉच्या पात्याने कापून मोठं केलं. भोकाभोवती बारीक लाकडी नक्षी होती, ती गेली. शेवटी हे सगळं ओबडधोबड दिसायला लागलं, म्हणून ट्रक रंगवणाऱ्या पेंटरकडून दोन हात चॉकलेटी रंग मारून घेतला. त्याने आपल्या मनाने कडेला पिवळी पट्टीही ओढून दिली. त्याचा तरी काय दोष, तो ट्रकांना ओढत होताच.

आत्या आली. गिटार मांडीवर घेतली. घेतानाच तिचे हात वजनाने खाली गेले. तिने एकदाच सगळ्या तारांवरून बोटं फिरवली. आवाज आला, नाही असं नाही. पण घुमारा गेला होता. भरलेल्या पोत्यावर थाप मारावी तसं काहीतरी झालं आणि लगेच विझलं.

"बरी झाली," आत्या म्हणाली. "आता हिच्यावर उभं राहून बल्ब बदलता येईल."

मी म्हणालो, "आत्या, तू तर रोज बघतीस. मोडलेल्या मांडीत डॉक्टर सळईच घालतात. मंग माणूस चालायला लागतो की न्हाई?"

"पाय गात न्हाई रे," ती म्हणाली, आणि गिटार कपाटावर ठेवून हातपाय धुवायला गेली.

रागावली नाही. रागावली असती तर मी दोन दिवस रुसलो असतो आणि विषय संपला असता. त्या दिवसापासून ती मला 'इंजिनेर' म्हणते. रविवारी ती पेटीबरोबर गाऊ लागली. गिटार कपाटावर तीसेक वर्षं राहिली, आणि दर दिवाळी-नाताळाच्या साफसफाईला मी स्टुलावर चढून माझं पाप फडक्याने पुसत राहिलो.

आता या वर्षाचं. आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, मोठा वर्धापनदिन मे महिन्यात ठरला. कमिटी बसली. कमिटीचे अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, फाईलशिवाय पाणी न पिणारे. त्यांनी ठराव मांडला की मडमबाईंची गिटार हा मंडळीचा ठेवा आहे, तिला काचेची पेटी करून दर्शनी भागात ठेवावं आणि खाली पितळी पाटी लावावी. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी क्षणात हो म्हणालो. आता खरं सांगतो, मला आनंदच झाला. काचेत गेली की तिला कुणी हात लावणार नाही, वाजवणार नाही, आत बघणार नाही. माझी सळई सन्मानाने दफन होणार होती.

अध्यक्षांनी पुण्याहून जुन्या वाद्यांचे एक जाणकार बोलावले. ते आमच्या घरी आले, सतरंजीवर बसले, दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा आरसा भोकातून आत घातला आणि तो इकडून तिकडे फिरवत राहिले.

"हे काय आहे?" शेवटी त्यांनी विचारलं.

"टीएमटी," मी म्हणालो. बायको आत पळाली. तिचं हसणं भांड्यांच्या आवाजात मिसळून आलं.

जाणकार मोठे सभ्य. त्यांनी समजावून सांगितलं ते खोटं नव्हतं. म्हणाले, गिटारीची पाटी म्हणजे तिचं पडजीभ-घसा सगळं. ती मोकळी हलली तर आवाज. तुम्ही तिच्यावर फळी, बोल्ट, लोखंड आणि रंग असं चार बाजूंनी वजन टाकलंत. आता लाकूडही त्या आधाराला सरावलंय. सळई काढली तर पाटी खचेल, कदाचित उभी चिरेल. असू दे तसंच. झालेले बदल हाही इतिहासच असतो. "आता ही वाजवण्याची वस्तू राहिली नाही. बघण्याची आहे."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर आत्या लसूण सोलत होती. तिने मान वर केली. "हे माझ्याकडं बघून बोलले का?"

ती ताट बाजूला ठेवून उठली, गिटारीजवळ आली, आणि अध्यक्षांना म्हणाली, "वर्धापनदिनाला मी वाजवणार. हीच."

"सिस्टर," अध्यक्ष म्हणाले, "तुमचं वय, तिचं वय..."

"दोघींची बेरीज करा अन् एक खुर्ची ठेवा."

"अहो, पण तुटली तर?"

"मी पडले तर मला काचेत ठेवणार का तुम्ही? तुटली तर तुटली. तीस वर्षं मुकी बसून राह्यली ती काय जिती होती?" मग माझ्याकडे वळली. "इंजिनेर, तू घातली. तू काढ."

पुण्याचे जाणकार गेले. मी रात्रीच्या जेवणाची वाट न बघता तिला समजवायला बसलो. म्हणालो, आत्या, माणूस शिकलेला आहे. म्हणालो, आहे तशी निदान आख्खी तरी आहे. ती म्हणाली, "तुला ती आख्खी पाह्यजे. मला ती बोलती पाह्यजे." तेव्हा मला कळलं की मी गिटार नाही, स्वतःलाच काचेत घालायला निघालो होतो. दुसऱ्या दिवशी मिलमधून सुट्टी टाकली.

जुन्या जालन्यात एक बाजाची पेटी दुरुस्त करणारे चाचा आहेत. आख्ख्या जिल्ह्यातल्या भजनी मंडळांच्या, कव्वालांच्या आणि आमच्या चर्चच्याही पेट्या त्यांच्याच हातून सुरात येतात. गिटारी त्यांनी फार केल्या नव्हत्या. आत्या ऑटोतून उतरली तसे ते उठून उभे राहिले. त्यांची तिन्ही मुलं तिच्याच हातची.

त्यांनी गिटार कानाजवळ धरून बोटाच्या पेराने टकटक केली. बाजारात मडकं घेताना करतात तसं, जागा बदलत, डोळे मिटून. मग आत बॅटरी मारली.

"या अल्ला," ते म्हणाले. "फिटरसाब, ये गिटार है या पूल? इसपर से बैलगाडी जाती क्या?"

"चाचा, निघंल का?"

"निकलेगा. लोहा है, निकलताच है. बाद में ये जिंदा रहती के नक्को, वो मैं नहीं बोलता." त्यांनी आत्याकडे पाहिलं. "आपा, एक शर्त है. तुम रोज इधर आके बैठना. इसकी पुरानी आवाज मैंने नहीं सुनी, तुमने सुनी. कान तुम्हारे, हात मेरे."

आणि तसंच झालं. पेटीचा सूर लावताना चाचा पितळी पट्टी किंचित घासतात, वाजवतात, पुन्हा किंचित घासतात. एकदम कधी नाही. गिटारीलाही त्यांनी तोच कायदा लावला. माझं काम एकच, मी घातलेलं मी काढायचं. कपलिंग गंजून घट्ट बसलं होतं. तीस वर्षांपूर्वी मीच कापून मोठ्या केलेल्या भोकातून हात घालून, हॅक्सॉचं नुसतं पातं चिमटीत धरून, मी सळई कापत बसलो. दुपारपर्यंत बोटांची सालं निघाली. आत्या शेजारी बसून म्हणाली, "हळू. घालताना घाई केल्ती, काढताना नको."

सळई तुटली तेव्हा गिटारीतून 'कट्' असा आवाज आला. चाचांनी पाटीवर तळवा ठेवला, नाडी बघावी तसा. पाटी केसभर खाली बसली आणि थांबली.

"सांस ली उसने," चाचा म्हणाले.

मग दोन दिवस तिला तशीच आडवी ठेवली. त्यानंतर सागवानाची फळी निघाली, गरम पाण्याचं फडकं आणि बोथट सुरी घेऊन, नखाएवढी नखाएवढी. नटबोल्ट निघाले. ती भोकं बुजवून चाचांनी हलक्या लाकडाची नवी घोडी सरसाने चिकटवली. आजकालचा पांढरा गम त्यांनी हातातसुद्धा घेतला नाही. म्हणाले, सरस गरज पडली तर सोडतो, हा मेला तरी सोडत नाही. प्रत्येक गोष्ट निघाली की ते टकटक करायचे आणि आत्या सांगायची. "अजून गळा धरलाय." "आता जरा." "वरचं मोकळं झालं, खालचं न्हाई."

ट्रकचा रंग खरवडायला त्यांनी फुटक्या काचेचा तुकडा घेतला. काचेची धार लाकूड ओरबाडत नाही, रंगाचा फक्त पापुद्रा निघतो. पापुद्र्याखालून मधासारखं पिवळं लाकूड दिसायला लागलं, त्या दिवशी नेमके अध्यक्ष स्कूटरवरून आले. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. आत येऊन पाहतात तर मंडळीचा ठेवा तारांविना, घोडीविना, अर्धा सोललेला.

"हे काय चाललंय? ठराव झालाय!"

"पेशंट टेबलावर आहे," आत्या वळून न बघता म्हणाली. "नातेवाइकांनी बाहेर थांबावं."

अध्यक्ष माझ्यावर घसरले. म्हणाले, तुम्ही सभेत हो म्हटलं होतं, मिनिट्समध्ये नोंद आहे. पेटी तयार झाली, पाटी कोरून झाली. जशी आहे तशी आजच्या आज द्या. मी आयुष्यात कमिटीपुढे 'ठीक आहे साहेब' याखेरीज दुसरं वाक्य बोललेलो नाही. मिलमध्येही नाही. पण माझ्या बोटांना लोखंडाचा कीस चिकटलेला होता, आणि सोललेल्या बोटांचा माणसाला एक वेगळाच माज येतो.

"न्हाई देणार," मी म्हणालो.

"काय?"

"मी हो म्हणालो ते माझी सळई लपवायला. ती मी घातल्ती. ठेव्याबिव्यासाठी न्हाई म्हणालो मी हो. लिहा मिनिट्समध्ये."

अध्यक्षांनी माझ्याकडे, मग जमिनीवर पडलेल्या सळईच्या तुकड्यांकडे पाहिलं. चाचांनी त्यांच्यासाठी चहा मागवला. ते न घेताच गेले. चहा मी प्यायलो. अर्धा बशीत सांडला.

शेवटची अडचण भोकाची होती. तारा चढल्या, नायलॉनच्या, एक सूर उतरवून. आत्याने बोटं फिरवली. वरचे सूर आले. मुरमुरे आले! पण ती मान हलवत राहिली. "खाली घरात कुणीच न्हाई." घुमारा नव्हता. चाचा विचारात पडले. मग त्यांनी कोपऱ्यातला मिठाईचा रिकामा खोका उचलला, पुठ्ठ्याची चकती कापली, मधे लहान गोल पाडला आणि ती माझ्या मोठ्या भोकावर ठेवली. "अब बजाओ, आपा."

फरशीतून मला ते आधी कळलं. तळपायाला. पुठ्ठा काढला, गेलं. ठेवला, आलं. मडक्याचं तोंड रुंद केलं तर मडकं घुमत नाही, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि मी फिटर असून भोक फाडत सुटलो होतो. पुठ्ठ्याच्या जागी चाचांनी एका मोडीत निघालेल्या पेटीचं पातळ देवदार गोल कापून बसवलं. नक्षी काही परत आली नाही.

आणखी एक गोष्ट परत आली नाही. माझ्या लोखंडी तारांनी पाटीला एक बारीक चीर पडलेली होती. तिच्यामुळे तिसरी तार जोरात छेडली की झणझणायची. मी म्हणालो, आतून एक छोटीशी पट्टी घालू. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तिथल्या तिथे लहान झालो.

"जितना बांधो उतना चुप," चाचा म्हणाले.

"झणझणू दे," आत्या म्हणाली. "माझेही गुडघे वाजतात. चर्चला येऊ नको म्हणतं का कुणी? ही ती न्हाई, पहिली. पण बोलून तर राह्यली." आणि तिने तारा सैल केल्या. मडमबाई वाजवून झाल्यावर रोज सैल करायच्या म्हणे. म्हणूनच त्या पातळ पाटीने एवढी वर्षं काढली होती. ही साधी गोष्ट तिला ठाऊक होती, आणि मी कधी विचारलीच नव्हती.

चाचांनी बजावून सांगितलं होतं: घोडी टिकेलच असं नाही. दोन गीतं, फार तर तीन.

मे महिन्यातला तो रविवार. जालन्यातला मे ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको, आणि बाकीच्यांना सांगून पटणार नाही. चर्च खचाखच भरलं होतं. बाहेरगावचे पाहुणे, रेशमी साड्या, नव्या शर्टांची कडक इस्त्री. दाराशी काचेची रिकामी पेटी उभी होती, खाली पितळी पाटी: 'आपल्या मंडळीची पुरातन गिटार'. अध्यक्षांनी पाटी उतरवली नव्हती. मी गिटार घेऊन शेजारून गेलो तेव्हा त्यांनी मान फिरवली.

भक्ती चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी नाव पुकारलं आणि आत्या समोरच्या खुर्चीत बसली. तारा चढवल्या. साउंडवाला पुढे धावला, माइकची एक चपटी डबी हातात घेऊन. म्हणाला, सिस्टर, ही पाटीला चिकटवतो, वायरपुरतं बारीक छिद्र पाडलं की झालं, आख्खं चर्च घुमंल.

"छिद्र?" आत्या म्हणाली. त्या एका शब्दावर तो माघारी गेला.

तिने पहिला सूर छेडला. खरं सांगतो, मला दुसऱ्या बाकावर ऐकू आला नाही. डोक्यावर बारा पंखे गरगरत होते. अध्यक्ष तत्परतेने माइकचा स्टँड घेऊन उठले, चेहऱ्यावर 'मी सांगत होतो' असं लिहिलेलं. आत्याने हात वर केला.

"पंखे बंद करा."

चर्चभर कुजबूज झाली. अध्यक्ष वाकून म्हणाले, "सिस्टर, लोक भाजून निघतील."

"दोन गीतात कुणी भाजत न्हाई. मी भाजलेले पेशंट पाह्यलेत." मग मंडळीकडे बघून, वॉर्डातल्या आवाजात: "ही गिटार पंख्यांच्या आधीची आहे. ऐकायची तर घाम येईल. ज्याला जमत न्हाई त्यानं बाहेर लिंबाखाली बसावं. अन् पत्रिकेनं वारा घेऊ नका, कागद वाजतो."

अध्यक्ष जागचे हलले नाहीत. साउंडवाला माझ्याकडे बघू लागला. माझ्या मागच्या बाकावरून कुणीतरी "काय बाई ही" म्हणालं. मी उठलो. बटणांचा बोर्ड दारापाशी, काचेच्या पेटीच्या वर. बारा बटणं एकेक करून वर केली. माझ्या हातून गिटारीसाठी झालेलं हे पहिलं शहाणपणाचं काम, आणि तेही काहीतरी बंद करण्याचं.

पंखे लगेच थांबत नाहीत. ते खूप वेळ कुरकुरत मंद होत गेले, आणि ते थांबेपर्यंत आत्या डोळे मिटून बसून राहिली. शेवटचं पातं स्थिर झालं. बाहेरच्या चिमण्या ऐकू आल्या. कुणाच्या तरी बांगड्या. मग तिने सुरुवात केली.

मी दारापाशीच उभा होतो, शेवटच्या बाकाच्याही मागे. तिथपर्यंत आलं. मोठं नव्हे. मुरमुरे आले, तिसऱ्या तारेची झणझण आली, आणि मग पायातल्या चपला काढाव्याशा वाटल्या, म्हणून मी काढल्या. फरशीतून घुमारा आला. पाठीवरून घामाचे ओघळ चालले होते, कुणी पुसत नव्हतं. मी सगळा वेळ घोडीकडे बघत होतो. उचकटली तर धावायचं, असं मनात. धावून काय करणार होतो देव जाणे. दुसरं गीत संपलं. घोडी तशीच. आत्याने एकदा वर पाहिलं आणि तिसरं सुरू केलं. ते पत्रिकेत नव्हतं.

संपल्यावर टाळ्या वाजल्या नाहीत. आमच्यात भक्तीत वाजवत नाहीत. सगळे नुसते एकदम हलले, आणि बाक कुरकुरले. आत्याने तारा सैल केल्या, गिटार माझ्या हातात दिली आणि दाराकडे निघाली. काचेच्या पेटीपाशी थांबली.

"एवढी चांगली पेटी रिकामी कशाला ठेवता?" ती अध्यक्षांना म्हणाली. "ह्याची सळई ठेवा की. तीस वर्षं आत होती. ती पण पुरातनच."

अध्यक्षांना हसू आवरलं नाही, आणि हसल्यावर त्यांना माघार घेता येईना. सळईचे दोन्ही तुकडे आणि गंजलेलं कपलिंग आज त्या काचेत आहेत, खाली तीच पितळी पाटी. बाहेरगावचे लोक वाचतात, आत बघतात, पुन्हा वाचतात. बायको पाहुण्यांना आता तिथे घेऊन जाते.

मला गिटार उचलून नेण्याची परवानगी आहे, वाजवण्याची नाही, आणि स्क्रूड्रायव्हर खिशात असेल तर उचलण्याचीही नाही. ती आता दर रविवारी वाजते. तिसरी तार हल्ली जरा जास्तच झणझणते. चाचा म्हणतात एक दिवस पाटी जाईल. आत्या म्हणते, त्यांना कुणी सांगितलं की मी त्या दिवसापर्यंत थांबणार आहे?

गेल्या रविवारी उकाडा भयंकर होता. आत्याने खुर्ची सरकवली, तारा चढवल्या आणि वर पंख्यांकडे पाहिलं. मी उठायच्या आत अध्यक्षच उठले, घाम पुसत बोर्डाकडे गेले आणि पहिल्या बटणावर बोट ठेवून वळले.

"दोनच गीतं ना, सिस्टर?"

"बघू," आत्या म्हणाली.